सहा तास जुने ठोके

वैजयंती बोधनकर यांना वर्ध्यात गल्लीबाहेर फारसं कोणी ओळखत नसे. पण रविवारी सकाळी आठ वाजले की देशभरातली दोन-अडीचशे माणसं आपापल्या रेडिओसमोर बसून त्यांच्या आवाजाची वाट पाहत. भारतीय हौशी रेडिओ परिषदेची साप्ताहिक हजेरी त्या घेत. लडाखचा एक निवृत्त सुभेदार, कोचीची दंतवैद्य, जैसलमेरचा पोस्टमास्तर अशी एकेकाची कॉलसाईन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओनाव, त्या पुकारत, समोरून ‘हजर’ असं उत्तर आलं की वहीत टिक करत आणि हवापाणी विचारून पुढच्याकडे वळत. टेलिफोन खात्यात तीस वर्षं चौकशीच्या टेबलावर काढल्यामुळे खरखरीतून शब्द उचलण्याची त्यांच्या कानाला सवय होती. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी परवान्याची परीक्षा दिली, मोर्सची ठोक्यांची लिपी शिकल्या, आणि गच्चीवर तार ताणली. त्यांचे यजमान दिगंबरराव तेव्हा म्हणाले होते की आता निदान घरात चौकशी होणार नाही.

हजेरीत देवरुखच्या हेरंब केळशीकरांचं नाव आलं की त्यांचा आवाज थोडा बदलत असे. हेरंब तिथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. बारा-तेरा वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट दोनदाच झाली होती, दोन्ही वेळा परिषदेच्या वार्षिक मेळाव्यात. पण त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख त्यांना पाठ होती आणि दिगंबररावांची साखर किती हे त्याला. मोर्सचे ठोके देताना प्रत्येक माणसाची एक लकब असते. हेरंब शब्दाचं शेवटचं अक्षर किंचित लांबवायचा, पायरीवरून उतरताना कठड्याला हात लावणाऱ्या माणसासारखा. नाव न सांगता तो ठोकू लागला तरी त्या ओळखत.

‘कानोसा’ ही कल्पना याच हेरंबची.

दूरवरून येणारा क्षीण संदेश आपल्यापर्यंत पोचत नाही असं आपण म्हणतो. तो पोचतो, पण आपल्या एरियलमधल्या खरखरीखाली गाडला जातो. ही खरखर प्रत्येक गावाची निराळी असते. कुठे मोटरपंपाची, कुठे विजेच्या तारांची, कुठे ढगांची. संदेश मात्र सगळीकडे एकच. तेव्हा हजारो ठिकाणची नोंद एकावर एक रचली तर खरखरीची एकमेकीत खोडाखोड होते आणि संदेश प्रत्येक थराबरोबर ठळक होत जातो. हेरंबने जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी तयार केली. आत एक अतिशय अचूक घड्याळ, आणि एरियलवर येणारं सगळं जसंच्या तसं साठवून परिषदेच्या संगणकाकडे पाठवण्याची सोय. तीन वर्षांत चार हजार तीनशे बारा सभासदांनी ती पेटी आपल्या घरी बसवली. हातातल्या विजेरीएवढ्या ताकदीचा प्रेषक हजारो किलोमीटरवरून ऐकू यायला लागला.

अडचण एकच होती. थर बिनचूक रचायचे तर संदेश कुठून निघाला हे माहीत हवं, कारण वर्ध्याला आणि देवरुखला तो एकाच क्षणी पोचत नाही. शिवाय तो सरळ येत नाही. शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर, म्हणजे आयनांबरावर, आपटून खाली येतो, आणि हा थर तळ्यातल्या पाण्यासारखा सतत हलत असतो. सकाळी जुळवलेलं गणित दुपारी चालत नाही. म्हणून संगणक एक जागा धरून बघे, थर सरकवून बघे, मग पुढची जागा, असं कोट्यवधी वेळा. यात सहा तास जात. मोठ्या संस्थांचे संगणक मागून पाहिले, पण वेळ काही घटला नाही, कारण दर नव्या जागेसाठी खेड्यापाड्यांतल्या पेट्यांकडून नोंदी नव्याने गोळा होण्यातच बराचसा वेळ जाई. कानोसा जे ऐकवी ते सहा तासांपूर्वीचं असे. आणि एका वेळी एकाच जागेकडे त्याचं तोंड असे. ते फिरवलं की नव्या जागेचं ऐकू यायला पुन्हा सहा तास.

पहिल्या हिवाळ्यात बर्फात अडकलेले तीन मेंढपाळ कानोशाने शोधून दिले आणि परिषदेत आनंदीआनंद झाला. दोनशे बारा सभासदांनी श्रोते म्हणून नावं दिली, पाळ्या लागल्या. वैजयंतीबाईंची पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की जगात मदत मागणारी माणसं किती आहेत. पूर्वी ती ऐकू येत नव्हती एवढंच. दीड वर्षात सात वेळा मदत वेळेवर पोचली. एकोणीस वेळा श्रोत्यांनी हाक ऐकली तेव्हा हाक मारणारं कोणी उरलेलं नव्हतं. एका दुपारी वैजयंतीबाई जेवणाच्या ताटावरून उठल्या आणि दिगंबररावांना म्हणाल्या की आत्ता मी ज्याच्याशी मनातल्या मनात बोलत होते तो सकाळीच गेला.

एका वेळी दोन हाका आल्या तर काय करायचं, यावर परिषदेत दोन दिवस चर्चा झाली. शेवटी नियम हेरंबनेच लिहिला. जिकडे जास्त माणसं, तिकडे आधी तोंड फिरवायचं. अंतिम निर्णय पाळीवरच्या श्रोत्याचा.

त्या वर्षी परिषदेने दक्षिण हिंदी महासागरातल्या एका निर्मनुष्य प्रवाळबेटाची मोहीम आखली. अशा बेटावर तंबू ठोकून आठवडाभर जगाशी बोलायचं, आणि ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना मोहिमेचं कार्ड पाठवायचं, हा हौशी रेडिओवाल्यांचा जुना छंद. हेरंब आणि गोव्याचा रोझारिओ दोघं रोझारिओच्या शिडाच्या नावेतून निघाले. बेट दृष्टीच्या टप्प्यात येण्याआधी, बुधवारी, वादळाने त्यांना गाठलं आणि नावेचा उपग्रहाशी असलेला संपर्क तुटला. परिषदेने लगेच कानोशाचं तोंड तिकडे वळवलं.

गुरुवारी अकरा वाजता वैजयंतीबाईंच्या कानात ठोके पडले. नाव सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. परिषदेत मोर्सवर बोलायचं ते इंग्रजीत, पण हा रोमन अक्षरांत मराठी ठोकत होता.

‘नाव फुटली. रबरी तराफ्यावर दोघे. रोझारिओचा पाय मोडला. पाणी चार दिवस. माझ्याकडे फक्त ठोकायचं यंत्र आहे, ऐकता येत नाही. दर तासाला पाच मिनिटं ठोकेन. ताई, तुम्ही हे ऐकाल तेव्हा अकरा वाजले असतील.’

घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

परिषदेचे कार्यवाह मालवीय भोपाळहून सगळी सूत्रं हलवत होते. कानोशाने दाखवलेली जागा त्यांनी शोधकेंद्राला कळवली. ती चाळीस किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढीच नेमकी होती. त्या भागात विमान जाऊन परतू शकत नव्हतं. सगळ्यात जवळचं मालवाहू जहाज वळवलं, तरी ते रविवारी पहाटे पोचणार होतं. तोवर करण्यासारखं एकच होतं, तराफा कुठे वाहत चाललाय ते दर तासाला टिपत राहायचं.

शुक्रवारी दुपारी हेरंबची बायको सुनेत्रा वर्ध्याला आली. ती देवरुखच्या ग्रंथालयात होती. तिला रेडिओचं कधी प्रेम नव्हतं. घरातली एक खोली त्या तारांनी खाल्ली असं ती म्हणे. आता ती वैजयंतीबाईंच्या मागे खुर्ची घेऊन बसली आणि बसूनच राहिली. दिगंबररावांनी पोहे केले, ते तसेच गार झाले. वैजयंतीबाई कानाला हेडफोन लावून ऐकत, कागदावर उतरवत आणि तिला वाचून दाखवत. बहुतेक वेळा त्यात वारा, लाटा आणि रोझारिओचा ताप एवढंच असे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आलं, ‘सुनेत्राला सांगा, टोपी घातली आहे.’

सुनेत्रा पहिल्यांदा किंचित हसली. म्हणाली, गेल्या उन्हाळ्यात टोपीवरून त्यांच्यात दोन दिवस अबोला होता.

शनिवारी बारा वाजायला थोडा वेळ असताना विशाखापट्टणमच्या एका सभासदाचा फोन आला. मच्छीमार वापरतात त्या साध्या हातसंचावरचा एक तेलुगू आवाज त्याने काही सेकंद थेट ऐकला होता. अकरा जण, होडीत पाणी, एवढेच शब्द. मग आवाज बुडाला. कुठून, ते कळायला मार्ग नव्हता. पूर्व किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंदराला होडी हरवल्याची खबर नव्हती, आणि अख्खा बंगालचा उपसागर शोधणं कोणाच्या हातात नव्हतं. जागा सांगू शकेल असं एकच साधन होतं.

मालवीयांनी फोनवर सगळं सांगितलं. नियमाची आठवण त्यांनी करून दिली नाही. निर्णय तुमचा आहे, तुम्ही काहीही ठरवलंत तरी परिषद तुमच्यामागे आहे, एवढंच म्हणाले.

वैजयंतीबाईंनी हेडफोन काढून ठेवले. हिशेब त्यांना कागदावर मांडायची गरज नव्हती. तोंड फिरवलं की जाताना सहा तास आणि परत येताना सहा. हेरंबचं शेवटचं जे त्यांनी ऐकलं होतं ते पहाटे साडेपाचचं. त्यानंतरचे बारा तास अंधारात जाणार. जहाज तोवर जुन्या अंदाजावर चालत राहील. दुसरीकडे अकरा माणसं, ज्यांच्यापैकी एकाचंही नाव त्यांना माहीत नव्हतं.

सुनेत्राला न सांगता बटण दाबता आलं असतं. पण त्यांनी खुर्ची वळवली आणि सगळं सांगितलं.

“त्या लोकांना कोणी शोधतंय का दुसरं?”

“नाही. ते कुठे आहेत हेच कोणाला माहीत नाही.”

“आणि ह्यांच्याकडे जहाज निघालेलं आहे.”

“निघालेलं आहे. पण तराफा सरकतोय, सुनेत्रा. मी ऐकलं नाही तर तो कुठे सरकला ते जहाजाला कळणार नाही.”

सुनेत्रा म्हणाली, “तो नियम ह्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला. मला वाचून दाखवला होता. मी म्हटलं, चांगला आहे.” ती उठली. “मला विचारू नका, ताई. मी नको म्हणेन.” आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

वैजयंतीबाईंनी कानोशाचं तोंड पूर्वेकडे फिरवलं. बटण दाबायला वेळ लागला नाही, याचं त्यांना पुढे फार दिवस वाईट वाटत राहिलं.

पुढच्या सहा तासांत दिगंबररावांनी दोनदा चहा केला. सुनेत्राने न विचारता सगळी भांडी घासली, मग कोरडी करून फडताळात लावली. सहा वाजून काही मिनिटांनी आवाज आला. घाबरलेला, दमलेला, मधूनच कोणाला तरी ओरडून काही सांगणारा. जागा मिळाली, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर. वैजयंतीबाईंनी ती मालवीयांना कळवली आणि त्यांनी तिथल्या बंदराला. वीस मिनिटांनी मालवीयांचा फोन आला. दुपारी एक वाजता जवळून जाणाऱ्या एका ट्रॉलरने ती होडी पाहिली होती. अकराही जण सुखरूप होते, ट्रॉलरवरून घरी येत होते. ट्रॉलरच्या तांडेलाने बंदराला कळवायची घाई केली नव्हती, कारण कोणी शोधत असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्यांचा जीव वाचायला कानोशाची गरज नव्हती. वैजयंतीबाईंनी बटण दाबल्यानंतर तासाभरातच ते वाचले होते, आणि हे कळायला सहा तास लागले.

“आनंदाची गोष्ट आहे,” सुनेत्रा म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच वैजयंतीबाईंना तिच्याकडे बघवेना.

मागचं उकरण्यापेक्षा तराफा आत्ता कुठे आहे ते कळावं म्हणून कानोशाचं तोंड पुन्हा तिकडे वळलं. पुढचे सहा तास कानोसा मुकाच असणार होता. त्यानंतर रात्रपाळीच्या श्रोत्याला नुसती खरखर ऐकू आली. रविवारी सकाळी वैजयंतीबाई पाळीवर बसल्या तरी खरखरच होती. जहाज पहाटे पोचलं होतं. शनिवारी सकाळच्या जागेवरून, प्रवाहाच्या अंदाजाने, ते बेटाच्या उत्तरेला शोध घेत होतं. तिथे काही नव्हतं. बोलणारा थांबला आहे हे उघड झाल्यावर वैजयंतीबाईंनी मालवीयांना विचारून कानोसा मागे वळवला. शनिवारचे जे बारा तास कोणी ऐकले नव्हते ते पेट्यांच्या साठवणीत तसेच पडून होते. सात वाजता सुरुवात केली, एकला ठोके यायला लागले.

सुनेत्रा मागच्या खुर्चीवर होती. म्हणाली, आज मलाही ऐकू द्या. काही कळलं नाही तरी चालेल, नुसता आवाज. वैजयंतीबाईंनी हेडफोनची वायर काढली आणि ठोके खोलीभर झाले. सुरुवातीच्या तासांत वारा आणि लाटाच होत्या, मग आलं,

‘बेट पश्चिमेला दिसतं आहे. आम्ही पूर्वेला. जहाजाला सांगा, पूर्वेला.’

हे शनिवारी सकाळी साडेदहाचं होतं. कुठल्याशा भोवऱ्याने तराफा बेटाला वळसा घालून पलीकडे नेला होता. वैजयंतीबाईंनी एका हाताने फोन लावला. मालवीयांनी शोधकेंद्राला आणि केंद्राने जहाजाला कळवलं. बेटाभोवतीचे खडक टाळून पलीकडे जायला जहाजाला सोमवार सकाळ होणार होती.

ठोके चालूच होते. दर तासाची पाच-पाच मिनिटं संगणक एकामागोमाग एक देत होता. साडेअकरा, पूर्वेला. साडेबारा, पूर्वेला, बेट आता लहान दिसतं. दीड वाजता, रोझारिओ गेला. मग पुन्हा तेच. शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवायची त्याची लकब सुटली होती. ठोके आखूड आणि वेडेवाकडे झाले होते. तो ठोकत होता ती माहिती तेव्हा ऐकली असती तर शनिवारी संध्याकाळी जहाजाने दिशा बदलली असती, आणि रविवारी पहाटे ते थेट त्याच्यापाशी पोचलं असतं.

वैजयंतीबाईंना मागे वळून बघायचा धीर होईना. पण काहीतरी सांगणं भाग होतं. कालपर्यंत प्रत्येक ओळ त्यांनी वाचून दाखवली होती.

“तुझी आठवण काढतोय,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव घेतोय सारखा.”

त्या वळल्या. सुनेत्राच्या मांडीवर किराण्याच्या यादीची वही होती आणि हातात पेन्सिल. पानावर एकाखाली एक, नीट गिरवलेल्या अक्षरात, ‘पूर्वेला’ हा शब्द नऊ वेळा लिहिलेला होता. त्यामध्येच एका ओळीवर ‘रोझारिओ गेला’.

“माझं नाव कुठेच नाहीये त्यात, ताई,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं भिंतीच्या पलीकडून ऐकतेय मी. न शिकता आलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर वैजयंतीबाईंना काहीतरी बोलता आलं असतं. दिगंबरराव दारात उभे होते, ते तिथूनच परत फिरले.

“पुढचं तुम्ही सांगू नका. मी लिहिते,” सुनेत्रा म्हणाली.

शेवटचे ठोके शनिवारी साडेपाचचे होते. बॅटरी संपत आली होती. अर्धा शब्द आला, मग दोन तुटक ठोके, आणि खरखर. सुनेत्राने जेवढं आलं तेवढंच लिहिलं. शब्द पुरा केला नाही.

सोमवारी दुपारी जहाजाला तराफा सापडला, बेटापासून साठ किलोमीटर पूर्वेला. त्यात रोझारिओ होता, दोरीने नीट बांधून ठेवलेला, तोंडावर टोपी. हेरंब नव्हता. गुरुवारपर्यंत शोधून जहाज आपल्या वाटेला लागलं.

परिषदेने शोकसभा घेतली. नियमाबद्दल कोणी बोललं नाही आणि तो बदललाही नाही, कारण त्याऐवजी दुसरा कोणता लिहायचा हे कोणालाच सुचत नव्हतं. महिन्याभरात दोनशे बारातल्या एकशे चाळीस श्रोत्यांनी नावं मागे घेतली. मालवीयांनी वैजयंतीबाईंना फोन करून सांगितलं की तुम्हीही थांबलात तर आम्ही समजू शकतो. दिगंबररावांचंही तेच म्हणणं होतं. वैजयंतीबाईंनी दोन दिवस थांबून पाहिलं. पेटी बंद असलेल्या त्या खोलीतून जाता-येता त्यांना वाटत राहिलं की आत कोणीतरी बोलतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या पुन्हा पाळीवर बसल्या.

संगणकाच्या पडद्यावर देशाचा नकाशा असे. प्रत्येक पेटीचा एक हिरवा ठिपका. देवरुखचा ठिपका अजून तेवत होता. सुनेत्राने जाताना वैजयंतीबाईंचा हात हातात घेतला होता, पोचल्याचा फोन केला होता, त्यानंतर नाही. इकडूनही फोन करायचं ठरवून तीन वेळा राहून गेलं होतं.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला त्या नकाशाकडे बघत असताना तो ठिपका विझला. आधी पिवळा झाला, म्हणजे पेटीकडून उत्तर येत नव्हतं, मग राखाडी. देवरुखला वीज गेली असेल म्हणून त्यांनी आजूबाजूच्या गावांचे ठिपके पाहिले. ते चालू होते. त्यांनी फोन उचलला, हातात धरला, आणि परत ठेवला.

पडद्याच्या कोपऱ्यात पेट्यांचा आकडा असतो. तो चार हजार तीनशे अकरा झाला होता. एका पेटीने कानोशाला फरक पडत नव्हता. दूर कुठेतरी, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे, कोणाचातरी पहाटे चार वाजताचा आवाज खरखरीतून हळूहळू वर येत होता. वैजयंतीबाईंनी हेडफोन नीट केले आणि त्या ऐकू लागल्या.